अकरा जणींचा एक जून

पुणे, ९ जुलै २०२५

गुरुजी,

वर तीर्थरूप लिहिलं न्हाई, नमस्कार लिहिला न्हाई. इसरले म्हणून न्हाई, मुद्दाम. भाषाबी घरची लिहून राह्यले. रागात पुस्तकातली भाषा सुचत न्हाई मला.

मी महजबीन. आष्टीजवळच्या वस्तीवरल्या गादीवाल्या रशीदची पोरगी. तुमच्या वस्तीशाळेत पहिली ते चौथी. ओळख द्यायची गरज नव्हती, पण पाच वेळा फोन केला आणि पाचही वेळा तुम्ही उचलला न्हाई, तवा म्हणलं सांगून ठेवावं.

माझ्यावर बंदी आली. दोन वर्षांची. गेल्या आठवड्यात क्लबच्या मॅडमनी ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं, तवाच मला कळलं की काही तरी बिघडलं. टेबलावर दोन कागद होते. एक माझा जन्माचा दाखला, परतूरच्या सरकारी दवाखान्यातला, अकरा फेब्रुवारी दोन हजार नऊ. दुसरा आपल्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. त्यावर एक जून दोन हजार सात. कुणी तरी माहितीच्या अधिकारात तो काढला आणि फुटबॉलच्या ऑफिसात पाठवून दिला. कोण ते मला सांगितलं न्हाई. माझी जागा कुणाला पायजे असंल त्यातलंच कुणी तरी.

दोन तारखा म्हणजे वयचोरी, असा नियम आहे. माझ्या मनगटाची तपासणी केली, मशिनीत हात घालून. ती माझ्या बाजूनं निघाली. तरी म्हणले, कागद जुळले पायजेत. म्हणजे खोटी तारीख शाळेची आणि चोर मी. अब्बा माझा, ज्यानं आयुष्यात कुणाच्या गादीत जुना कापूस भरला न्हाई, त्याचं नाव बंदीच्या पत्रात ‘संशयित बनावट दाखला सादर करणारे पालक’ असं आलंय. मी ते त्याला अजून वाचून दाखवलं न्हाई.

तुम्हाला पेपरातून कळलं असंल, सतरा वर्षांखालच्या देशाच्या संघाच्या शिबिरात माझं नाव लागलं होतं. डिसेंबरात शिबिर. आपल्या जिल्ह्यातून आजपर्यंत कुणी पोरगी तिथं गेली न्हाई. एक जानेवारी दोन हजार नऊनंतर जन्मलेल्या पोरीच त्यात बसतात. मी एक्केचाळीस दिवसांनी बसते. पुढच्या वर्षी बसणार न्हाई. सतराखालचं हे एकच साल आहे मला.

वीस नोव्हेंबरच्या आत शाळेची नोंद दुरुस्त करून आणली तर बंदी उठंल, असं त्यांनी लेखी दिलंय. अब्बा शाळेत गेल्ता. तुमची बदली झाल्यावर आलेल्या नव्या बाई म्हणल्या, ज्यांनी नोंद केली त्यांनी चूक झाली म्हणून प्रतिज्ञापत्र दिलं तरच मी वर पाठवते. नोंद तुमची आहे. खाली सही तुमची आहे. एक पान लिहायचं आणि सही करायची, एवढंच काम आहे.

दुसरं काही नको मला तुमच्याकडून.

महजबीन


पुणे, २ ऑगस्ट

गुरुजी,

पत्र पोचलं. पोचपावती आली माझ्याकडं, तिच्यावर तुमच्या घरच्या पुष्पाबाईंची सही आहे. उत्तर मात्र आलं न्हाई. कदाचित कसली नोंद, कवाची नोंद, हे तुम्हाला आठवत नसंल. मंग मीच आठवून देते.

जून दोन हजार तेरा. शाळेचा पट चौदा. वस्तीवरली सगळी पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश शाळेत जायला लागली होती. पोरी राह्यल्या होत्या घरी, कारण पोरींसाठी गाडी कोण लावतंय. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद करणार आणि तुम्हाला कुठं तरी लांब टाकणार, असं चाललं होतं. मंग तुम्ही आणि बियाण्याच्या प्लॉटवाले कडूबाकाका घरोघर फिरले. अंगणवाडीतल्या पोरी उचलल्या. कुणी चार वर्षांची, कुणी साडेचार. आमच्या दारात येऊन तुम्ही अम्मीला काय म्हणले ते अम्मीच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. ‘भाभी, पोरगी सहाची लिहितो. कुणी विचारलं तर हो म्हणा. पोरगी शिकंल.’ अम्मी हो म्हणली. माझ्या अम्मीला, लालबीला, काय कळतंय रजिस्टरातलं? तिला वाटलं, गुरुजी घरी आले, पोरीला शाळेत न्यायला आले, एवढा मान कोण देतं.

अकरा पोरी लिहिल्या तुम्ही त्या दिवशी. अकराही जणींची तारीख एकच, एक जून दोन हजार सात. चौदा आणि अकरा पंचवीस. शाळा वाचली, तुमची जागा वाचली.

दर साली शाळा उघडली की तुम्ही पेढ्याचा पुडा आणायचे आणि अकरा जणींचा वाढदिवस करायचे. मला चौथीपर्यंत वाटायचं वाढदिवस पंधरा ऑगस्टसारखा असतो, सगळ्यांचा एकाच दिवशी. हसू नका. तुम्हीच आम्हाला तसं शिकवलं.

आणि एका वर्गात अकरा पोरी म्हणून तुम्ही फुटबॉल आणला. तुम्हीच म्हणले होते, देवानं बरोबर अकराच दिल्या, काही तरी इशारा आहे. देवानं न्हाई दिल्या गुरुजी. तुम्ही लिहिल्या.

मला सगळं आठवतं. कडूबाकाकाच्या बियाण्याच्या प्लॉटमागचं रान. फाटलेली हिरवी शेडनेट बांबूला बांधून केलेला गोल. सकाळी नऊपर्यंत आम्ही एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावून मिरचीची फुलं क्रॉस करायचो, बोटं बारीक म्हणून पोरींनाच ते काम, आणि मंग शाळा, आणि शाळा सुटली की बॉल. पुष्पाबाई भिजवलेले हरभरे द्यायच्या. शीतल गोलमध्ये, ज्योत्स्ना उजव्या बाजूला, मी पुढं. तुम्ही उन्हात उभं राहून ओरडायचे, ‘डोकं वर, महजबीन.’ पायाकडं बघून खेळले तर दोन फेऱ्या पळायला लावायचे. आज पुण्याच्या मॅडम म्हणतात, तुला न बघता बॉल कुठं आहे ते कसं कळतं. मी काय सांगू त्यांना.

तुम्ही नसते तर मी आज गाद्या शिवत बसले असते. जालन्याला तुम्ही नेलं, विभागाला तुम्ही नेलं, क्लबच्या चाचणीला स्वतःच्या फटफटीवर परतूर स्टेशनापर्यंत तुम्हीच सोडलं. राज्याच्या स्पर्धेत चौदा गोल केले तवा पहिला फोन तुम्हाला केल्ता मी, अब्बाच्या आधी. हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणूनच तर इतकी चीड येते. परक्यानं असं केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

शीतलचं लग्न झालं पाच जूनला. तुम्ही गेल्तेच म्हणे. मला जमलं न्हाई. सराव होता.

प्रतिज्ञापत्राची वाट बघून राह्यले.

महजबीन


पुणे, २३ ऑगस्ट

गुरुजी,

दुसरीबी पोचपावती आली. पुन्हा बाईंचीच सही. तुम्ही वाचता तरी का, का चुलीत घालता?

महजबीन


आष्टी, ८ सप्टेंबर

गुरुजी,

परवा मी आणि अब्बा जालन्याला तुमच्या घरी आल्तो. पुष्पाबाईंनी सांगितलं असंल, आणि न्हाई सांगितलं तरी तुम्ही ऐकलंच सगळं, कारण तुम्ही आतल्या खोलीत होते.

बाई म्हणल्या, ते जांब समर्थला दर्शनाला गेलेत. तुमच्या चपला दारात होत्या. चष्मा पेपरावर काढून ठेवलेला. पंखा चालू. मी बाईंकडं बघितलं, तर त्या खाली बघायला लागल्या. खोटं बोलायची सवय न्हाई त्यांना, तुम्ही त्यांच्यावर कशाला टाकता हे काम? चहा केला त्यांनी. मला म्हणल्या, किती वाळलीस. आणि मंग पदर तोंडाला लावून म्हणल्या, ‘पोरी, नोव्हेंबरअखेर रिटायर होऊन राह्यलेत ते. पावणेतीन महिने राह्यले. आता चौकशी लागली तर पेन्शन अडकंल. दोघं म्हातारी आम्ही, काय करायचं?’

मला त्यांची दया आली, खोटं बोलत न्हाई. पण दुसऱ्या मिनिटाला वाटलं, माझं काय? मी पण तर काही केलं न्हाई. चार वर्षांची होते मी. तुमच्या पायात चप्पल राहावी म्हणून मी माझा पाय तोडून द्यायचा का?

म्हणून मी आतल्या दाराकडं तोंड करून ओरडले, ‘गुरुजी, डोकं वर.’ आतून खाट वाजली. एवढंच. कुणी बाहेर आलं न्हाई. तुम्ही पोरींना जे शिकवलं ते तुम्हाला जमत न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीत अब्बा म्हणला, ‘गुरुजीकू ऐसा नको बोलना था, बेटा.’ त्याला मी ते पत्र वाचून दाखवलं, ज्यात त्याला बनावट म्हणलंय. परतूरला उतरल्यावर अब्बा म्हणला, ‘फिर भी.’

असं आहे तुमचं नशीब, की तुम्हाला माझ्या बापासारखी माणसं भेटली.

महजबीन


आष्टी, २६ ऑक्टोबर

गुरुजी,

दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्ते आणि काल तुमचं पाकीट आलं. स्टॅम्प पेपरावर प्रतिज्ञापत्र, नोटरीचा शिक्का, तुमची सही. सोबत तुमचं हातानं लिहिलेलं चार पानी पत्र.

मी काय केलं सांगू का? प्रतिज्ञापत्र अम्मीच्या हातात दिलं, बॉल घेतला आणि मागच्या भिंतीवर मारत सुटले. शेजारच्या मालनबाई ओरडायला लागल्या, भिंत पाडती का गं, तरी थांबले न्हाई. तीन महिने बॉलला हात लावायची इच्छा झाली न्हाई मला. शिबिरात जायचं, निळा शर्ट घालायचा, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. अम्मी रडायला लागली. अब्बानं दोन गाद्यांचं काम टाकून मिठाई आणली.

मंग बसून तुमचं पत्र वाचलं. तुम्ही सगळं कबूल केलंय. पट राखण्यासाठी अकरा मुलींची वयं मी वाढवून लिहिली, एकीचाही दाखला बघितला न्हाई, असं सरळ लिहिलंय. बारा वर्षं ते मनात खातंय म्हणता. आणि पुढं लिहिता, ‘अकरा जणींचं लिहून दिलं तर ती चूक राहत नाही, गुन्हा होतो. तुझ्या एकटीचं लिहिलं तर ती नजरचूक. तेवढं मी करू शकतो. हे पत्र वाचून फाडून टाक.’

प्रतिज्ञापत्रात शेवटी एक ओळ आहे. ‘त्याच दिवशीच्या इतर सर्व नोंदी मी कागदपत्रे पडताळून केलेल्या असून त्या बरोबर आहेत.’ वकिलानं घालायला लावली, असं तुम्ही म्हणता.

ती ओळ मी वाचली. माझी न्हाई म्हणून सोडून दिली.

राग गेला न्हाई, पण कमी झाला. शाळा सुट्टीनंतर दहा तारखेला उघडते. त्या दिवशी नव्या बाईंकडं नेऊन देते. पुष्पाबाईंना सांगा, मी ओरडले त्याचं मनावर घेऊ नका.

महजबीन


आष्टी, ९ नोव्हेंबर

गुरुजी,

प्रतिज्ञापत्र उद्या द्यायचं होतं. देणार न्हाई. का ते सांगते, आणि ह्या वेळी पूर्ण वाचा.

काल सकाळी ज्योत्स्ना आल्ती. तुमची उजव्या बाजूची ज्योत्स्ना, कडूबाकाकाची धाकटी. हातात लग्नाची पत्रिका. तेवीस नोव्हेंबर. नवरा घनसावंगीकडला, तीस वर्षांचा, ट्रॅक्टर आहे त्याचा. पत्रिका अम्मीला दिली आणि मला म्हणली, चल भिंतीमागं. भिंतीमागं गेल्यावर म्हणली, ‘महजबीन, मला पण एक तारीख आणून दे ना. तुला गुरुजींनी दिली म्हणे.’

मला आधी कळलंच न्हाई. मंग कळलं. ती माझ्याहून तीन महिन्यांनी लहान आहे, आमच्या अम्म्या एकाच वक्ताला पोटुशा होत्या, सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. म्हणजे सोळा पूर्ण, सतरावं चालू. पण तिच्या आधारवर एक जून दोन हजार सात आहे, कारण आधार शाळेच्या दाखल्यावरून काढलं. कागदावर ती पाच महिन्यांपूर्वी अठरा पूर्ण झाली. आणि ती घरी जन्मली, सुईणीच्या हातावर. दवाखान्याचा दाखला न्हाई तिच्याकडं. तिच्या वयाचा जगात एकच पुरावा आहे, तुमचं रजिस्टर. तिनं आजोळी सांगितलं, पोलिसपाटलाला सांगितलं, सगळे म्हणतात, बाई, कागद बोलतो.

आता तुमच्या प्रतिज्ञापत्रातली ती ओळ वाचा. इतर सर्व नोंदी बरोबर आहेत. शपथेवर. ते मी उद्या शाळेत दिलं की ज्योत्स्ना कायमची अठराची झाली. मी शिबिरात जाईन आणि ती घनसावंगीला.

मागं मी तुम्हाला लिहिलं होतं, शीतलच्या लग्नाला जमलं न्हाई, सराव होता. ते खोटं होतं. मे महिन्यात शीतलनं मला फोन केल्ता. तिला कळलं होतं, घरचे एक जूनची वाट बघून राह्यलेत. एक जूनला कागदावर अठरा आणि पाच जूनला मांडव. म्हणली, तू पुण्यात आहेस, तिथून मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन कर, माझं नाव येऊ देऊ नको, फक्त सांग की शीतल सोळाची आहे. मी म्हणलं, बघते. आणि फोन ठेवून विचार केला. चौकशी आली तर रजिस्टर उघडंल. रजिस्टर उघडलं तर माझीबी तारीख निघंल. शिबिराची यादी लागायला पंधरा दिवस होते. मी फोन केला न्हाई. तिचे आणखी दोन फोन आले, ते मी उचलले न्हाई. तुम्ही माझे उचलले न्हाईत ना, तसेच.

तारीख तर तशीबी निघालीच. माझं गप राहणं मला कामाला आलं न्हाई, आणि शीतल गेली. आता तिला पाचवा महिना आहे. आमची गोलकीपर.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई. तुम्हाला सांगून राह्यले, कारण हे कसं असतं ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

म्हणून आता ऐका. मला दुसरं प्रतिज्ञापत्र पायजे. अकरा नावांचं. ती ओळ नको. शुक्रवारपर्यंत पाठवा. तुमचं चार पानी पत्र मी फाडलं न्हाई. शुक्रवारपर्यंत नवं प्रतिज्ञापत्र आलं न्हाई तर ते पत्र मी ग्रामसेवकाकडं नेऊन देणार, गावातला बालविवाह थांबवायचं काम त्याचंच आहे. धमकी म्हणा, काही म्हणा. पेन्शन तुमची आहे, पण ज्योत्स्ना तुमच्या वर्गातली आहे.

महजबीन


आष्टी, १७ नोव्हेंबर

गुरुजी,

आज दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते, आणि हे पत्र अब्बाच्या हातानं पाठवते. तो स्वतः येऊन देणार म्हणला. ह्या वेळी दार उघडा, त्यानं तुमचं काही वाईट केलं न्हाई.

शुक्रवारी प्रतिज्ञापत्र आलं न्हाई. तुमचा फोन आला. चार महिन्यांत पहिला. मी किती तरी गोष्टी बोलायच्या ठरवल्या होत्या, पण तुमचा आवाज इतका म्हातारा झालाय की पहिल्यांदा मला वाटलं दुसरंच कुणी आहे. तुम्ही म्हणले, ‘महजबीन, तुझं काम झालंय. तू देशासाठी खेळ. दुसऱ्याच्या पोरीत कशाला पडतेस?’ मी विचारलं, तेरा साली तुम्ही अकरा घरात कुणाच्या पोरींसाठी गेल्ते? तुम्ही म्हणले, मी तुला घडवलं. हो, घडवलं. हे मी नाकारलं कवा? पण त्याची किंमत ज्योत्स्नानं का भरायची?

मी शनिवारी दिवसभर दोन्ही कागद पुढं घेऊन बसले. लोक म्हणतील पोरगी लई धीराची. खोटं आहे ते. तीनदा प्रतिज्ञापत्र पिशवीत घातलं आणि तीनदा काढलं. एका मनानं म्हणलं, हे शाळेत दे आणि ते पत्र ग्रामसेवकाला दे, दोन्ही कामं होतील. पण कशी होतील? एका कागदावर तुम्ही शपथेवर म्हणता दहा नोंदी बरोबर आहेत, दुसऱ्यावर म्हणता अकराही खोट्या. एक खरा धरला की दुसरा पडतो. प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का आहे, पत्रावर न्हाई. कोणता पडंल ते मला ठाऊक आहे.

आज सकाळी मी पत्र दिलं. प्रतिज्ञापत्र अम्मीच्या पेटीत आहे. परवानंतर वीस तारीख उजाडंल आणि जाईल.

ग्रामसेवक आधी टाळून राह्यला होता. कडूबाकाका त्याच्या उठण्याबसण्यातला. पण तालुक्याच्या बालविकासच्या मॅडम आज ग्रामपंचायतीत आल्या होत्या दुसऱ्या कामाला, मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राह्यले. त्यांनी चारही पानं उभ्यानंच वाचली आणि खुर्ची ओढून बसल्या. दुपारी त्या पोलिसांना घेऊन कडूबाकाकाच्या घरी गेल्या. कडूबाकाकानं मला सगळ्या वस्तीसमोर जे म्हणायचं ते म्हणलं, माझ्या जातीसकट. मी ऐकून घेतलं. ज्योत्स्नाला वयाच्या तपासणीला जालन्याला न्यायचं ठरलंय आणि तोपर्यंत लग्न करणार न्हाई असं कडूबाकाकाकडून लिहून घेतलंय. गाडीत बसताना ज्योत्स्नानं माझ्याकडं बघितलं न्हाई. घरच्यांच्या देखत कशी बघंल. मला त्याचं काही वाटलं न्हाई.

शीतलसाठी मी काही करू शकले न्हाई. हे मी कुणाच्या पदरात टाकत न्हाई, हे माझं आहे.

तुमच्यावर चौकशी लागंल. मॅडम म्हणल्या, कदाचित ह्याच आठवड्यात. तुमचे तेरा दिवस राह्यले होते. पुष्पाबाईंचा विचार मनात येतो आणि मंग राग येतो, तुमचाच, की मला त्या बाईचं असं करायला लावलं. रजिस्टर जवा दुरुस्त व्हायचं तवा होईल, चौकशीला साल लागतं म्हणे. तवर मी सतराखाली नसंन. मोठ्यांच्या संघात खेळायचं तर बंदी संपायची वाट बघायची. बघीन. पाय आहेत माझे. पण जे गेलं ते गेलं, आणि त्याची भरपाई कुणी करणार न्हाई, हे मी तुम्हाला मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे पोरीनं नाव काढलं असं कुणाला सांगत फिरू नका.

एक गोष्ट सांगायची राह्यली. मॅडमनी मला तक्रार अर्ज लिहायला लावला होता. तो अर्ज आणि तुमचं पत्र त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि बराच वेळ बघत राह्यल्या. मंग माझ्याकडं संशयानं बघून विचारलं, ‘खरं सांग, हे दोन्ही तूच लिहिलंस ना?’

मी बघितलं तर खरंच. तोच वळणाचा ‘ज’, तीच लांब वेलांटी, ओळीच्या शेवटी तेच खाली येणं. कुणालाही वाटलं असतं. मला सांगावं लागलं की न्हाई मॅडम, ते त्यांचंच आहे. साडेचार वर्षांची होते, पेन्सिल धरता येत नव्हती, तर त्यांनी माझा हात धरून गिरवून घेतलं, म्हणून माझं अक्षर असं झालं. त्या म्हणल्या, साडेचार वर्षांची होतीस हे लिहून दे, आणि हे त्यांचंच अक्षर आहे हेबी लिही.

मी लिहून दिलं.

महजबीन